दुसरा ह्युमनॉइड रोबो घेताना

आमच्या शोकेसमध्ये एक ह्युमनॉइड, म्हणजे माणसासारखी ठेवण असलेला, सतरा सर्व्होंचा रोबो उभा आहे. सर्व्हो म्हणजे सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणारी मोटर, एका सांध्याला एक. ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट, पाठीवर बोर्ड, छातीवर दोन दिवे. बटण दाबलं की वाकून नमस्कार करतो, हात हलवतो, गाण्यावर नाचतो. पहिला महिनाभर घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवून झाला. मग एक दिवस भाची म्हणाली, "मामा, नाचताना ह्याला ढकललं तर?" तिने ढकललं. तो उताणा पडला आणि पडल्यापडल्या हातपाय झाडत उरलेला नाच पूर्ण केला. शेवटचा नमस्कारसुद्धा त्याने छताकडे बघून केला.

आपण पडलोय हे त्याला कळलंच नव्हतं. कळायची सोयच त्याच्यात नव्हती.

हा लेख त्यानंतरच्या खरेदीबद्दल आहे. पहिला किट तुम्ही जोडलाय, चारदोन स्क्रू हरवलेत, एखादा सर्व्हो जाळलाय, आणि आता 'ॲडव्हान्स्ड' असं लिहिलेलं काहीतरी घ्यायचंय. ह्या शब्दाखाली वीस-पंचवीस हजारांपासून काही लाखांपर्यंत सगळं विकलं जातं, आणि फोटोत सगळेच सारखे दिसतात. मी त्याचा एकच अर्थ धरतो: रोबोला स्वतःची अवस्था कळते का? सांधा खरोखर किती अंशावर आहे, त्यावर भार किती आहे, मोटर किती तापलीय, धड कुठे कललंय. हे कळत नसेल तर सांधे सतरा असोत की पंचवीस, ते चावीचं खेळणंच.

पहिली पायरी: कंटाळा कशाचा आला ते आधी ठरवा

तयार हालचालींचा कंटाळा आला असेल आणि चाल स्वतः लिहायची असेल, तर पैसे पायांत घालायचे. कॅमेऱ्याने चेंडू ओळखून त्याच्या मागे जायचं असेल तर पाय बरे असले तरी चालतील, पण आत रास्पबेरी पायसारखा एका बोर्डावर मावणारा छोटा संगणक हवा. आणि खरी मजा घडवण्यात येत असेल, म्हणजे थ्रीडी प्रिंट करणं, घासणं, बसवणं, तर तयार किट घेऊच नका. त्यासाठी वेगळा रस्ता आहे, तो पुढे सांगतो. तिन्ही एकाच रोबोत हवं असेल तर बजेट तिप्पट करा किंवा तीन वर्षं थांबा.

दुसरी पायरी: सर्व्हो बघा, बाकीचं नंतर

किटच्या किमतीतला सगळ्यात मोठा वाटा सर्व्होंचा असतो. डोकं, बोर्ड, रिमोट हे सगळं पुढे बदलता येतं. अठरा सर्व्हो बदलणं म्हणजे नवा रोबो घेणं. म्हणून पान उघडल्यावर मी फोटो बघत नाही, सर्व्होचा मॉडेल नंबर शोधतो. तो दिलेलाच नसेल तर पान बंद.

पहिल्या किटमध्ये बहुतेक वेळा एमजी९९६आर जातीचे सर्व्हो असतात. त्यांना तीन वायरी: दोन विजेच्या, एक सिग्नलची. सेकंदाला पन्नास वेळा एक पल्स जातो. दीड मिलिसेकंदाचा पल्स म्हणजे मधोमध, त्याहून लहान-मोठा म्हणजे इकडे-तिकडे. हा रस्ता एकेरी आहे. बोर्ड सांगतो, सर्व्हो ऐकतो. तो तिथवर पोचला की मध्येच अडकला, हे बोर्डाला कधीच समजत नाही.

दुसऱ्या रोबोसाठी बस सर्व्हो घ्या. नावातली बस म्हणजे पीएमटीची नव्हे, पण कल्पना तशीच: एकाच मार्गावर सगळे थांबे. एका सर्व्होतून वायर निघते ती पुढच्यात, तिथून त्याच्या पुढच्यात. प्रत्येकाला आपापला आयडी नंबर. बोर्ड विचारतो, "सात नंबर, कुठे आहेस?" आणि सात नंबर उत्तर देतो. पायातून जाणाऱ्या वायरींचं जंजाळ कमी होतं हा फायदा वेगळाच. गुडघ्यात चिमटून तुटणाऱ्या वायरींनी माझ्या पहिल्या रोबोचे अर्धे रविवार खाल्लेत.

पण सगळे बस सर्व्हो सारखं बोलत नाहीत. रोबोटिस कंपनीचा एएक्स-१२ए सर्व्हो जागा, वेग, भार, व्होल्टेज आणि तापमान असं सगळं सांगतो. हायवंडरचा एलएक्स-१६ए त्याच्यापेक्षा बराच स्वस्त आहे. तो जागा, तापमान आणि व्होल्टेज सांगतो, भार सांगत नाही. चाल लिहायला जागा पुरते. पाय जमिनीला टेकला की नाही हे मोटरवरच्या भारावरून ओळखायचं असेल तर मात्र दुसरा पर्याय अपुरा पडतो.

वेगही बघा. एलएक्स-१६एची बस ११५२०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला तेवढे बिट, अशी चालते. एका सर्व्होला जागा विचारायला सहा बाइट, उत्तराला आठ बाइट. एकूण साधारण १.२ मिलिसेकंद. अठरा सर्व्होंना विचारत बसलात तर निव्वळ वाचण्यातच २२ मिलिसेकंद गेले, हुकूम देणं अजून बाकीच. एएक्स-१२ए १ मेगाबॉडवर बोलतो, पण तिथेही एक गोम आहे: प्रत्येक उत्तराआधी तो अर्धा मिलिसेकंद थांबतो, कारण कारखान्यातून सेटिंगच तसं येतं. ते शून्याच्या जवळ आणलं की सगळा फेरा तीन-चार मिलिसेकंदांत होतो. "माझा रोबो आळशी का?" असं विचारणाऱ्या किती जणांचं दुखणं ह्या एका सेटिंगमध्ये असतं!

आता ताकद. सर्व्होच्या डब्यावर किलो-सेंटिमीटरमध्ये आकडा लिहिलेला असतो. शाफ्टपासून एक सेंटिमीटरवर किती किलो पेलेल, असा त्याचा अर्थ. ह्या आकड्यावर भाळू नका. तो स्टॉलचा आकडा असतो, म्हणजे मोटर जागच्या जागी गुदमरते तिथला. रोजच्या कामाला त्याचा तिसरा हिस्सा धरायचा, फार तर निम्मा.

एक हिशेब करून बघू. रोबोचं वजन १.८ किलो. एका पायावर उभा असताना गुडघ्याच्या वर साधारण दीड किलो येतं. मांडी ८ सेंटिमीटरची आहे आणि गुडघा वाकवल्यावर ती उभ्या रेषेपासून ३० अंश कललीय. म्हणजे गुडघा वजनाच्या रेषेपासून ४ सेंटिमीटर पुढे आला. दीड गुणिले चार, म्हणजे ६ किलो-सेंटिमीटर, आणि तेही नुसतं उभं राहायला. एएक्स-१२एचा स्टॉल १२ व्होल्टवर दीड न्यूटन-मीटर, म्हणजे पंधरा किलो-सेंटिमीटरच्या थोडा वर. आपण चाळीस टक्क्यांवर उभे आहोत. चालेल, पण दहा मिनिटांनी गुडघा गरम लागेल. हाच रोबो अडीच किलोचा असता तर मी हे सर्व्हो घेतले नसते. तुमच्या डोळ्यासमोरच्या किटचं वजन आणि मांडीची लांबी घेऊन हा हिशेब कागदावर मांडा. पाच मिनिटांचं काम आहे आणि विकणाऱ्याच्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त सांगून जातं.

सुटा सर्व्हो हातात आला तर घरगुती परीक्षाही आहे. हॉर्नला, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या चकतीला, पाच सेंटिमीटरचा दांडा लावा आणि त्याच्या टोकाला पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली टांगा. हा झाला ५ किलो-सेंटिमीटर. दांडा आडवा धरून पाच मिनिटं पेलला पाहिजे, आणि त्यानंतर सर्व्होला बोट लावून ठेवता आलं पाहिजे. दहा-अकरा किलोचा दावा करणारे कितीतरी नकली एमजी९९६आर इथेच मान टाकतात.

राहिला 'प्ले'. वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांना हा शब्द सांगायला नको. वीज चालू असताना हॉर्न बोटांनी हलवून बघा. कुरकुर न करता जेवढा हलतो तेवढा प्ले. खुब्यात एक अंशाचा प्ले असेल तर वीस सेंटिमीटर खाली तळपायाशी तो साडेतीन मिलिमीटर होतो. पाय उचलायचाच असतो दीड-दोन सेंटिमीटर, त्यातले साडेतीन मिलिमीटर असेच गेले. प्लास्टिकचे गिअर आधी शांत चालतात आणि मग सैल होतात. धातूचे आवाज करतात पण टिकतात. पायांत धातूचेच घ्या, हातांत प्लास्टिक चालेल.

तिसरी पायरी: सांधे मोजू नका, कुठे आहेत ते बघा

सतरा सांध्यांच्या किटमध्ये सहसा प्रत्येक पायाला पाच, प्रत्येक हाताला तीन आणि मानेला एक असतो. पायाला पाच म्हणजे खुबा पुढे-मागे आणि बाजूला हलतो, गुडघा वाकतो, घोटा दोन्ही दिशांनी हलतो. खुब्यातून पाय पिळता येत नाही. असा रोबो वळतो तो तळवे फरशीवर घासत. वळतो, पण किती वळेल हे फरशी ठरवते.

सहावा सांधा, म्हणजे पाय उभ्या अक्षाभोवती फिरवणारा, आला की तो माणसासारखा पाऊल तिरकं टाकून वळतो. म्हणून पायाला सहा हे माझ्या मते दुसऱ्या रोबोचं किमान. रोबोटिसचा बायोलॉइड प्रीमियम अठरा सर्व्होंचा होता: पायांना बारा, हातांना सहा, मान स्थिर. त्याच कंपनीचा डार्विन-ओपी वीसचा, कारण मानेला दोन मिळाले. वीसपेक्षा जास्त आकडा दिसला तर ते जादा सांधे बहुतेक हाताच्या पंजात गेलेले असतात. पंजा फोटोत छान दिसतो, चालताना मात्र ते हाताच्या टोकाला लटकवलेलं वजन.

तळपाय बघायचे विसरू नका. पसरट, बदकासारखे तळवे असले की रोबो सहज उभा राहतो. पहिल्या किटला ते ठीक आहे. दुसऱ्या रोबोचे तळवे लहान हवेत, नाहीतर तोल सांभाळायचं शिकायला तुमच्याकडे कारणच उरत नाही.

चौथी पायरी: उंचीचा मोह आवरा

चाळीस सेंटिमीटरचा एवढ्याला, मग ऐंशी सेंटिमीटरचा दुपटीत का नाही? कारण उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं आणि सांध्यापासूनचं अंतर दुप्पट. सर्व्होला लागणारी ताकद सोळापट. होंडाचा आसिमो २००० साली आला तेव्हा १२० सेंटिमीटरचा होता आणि वजन पन्नास किलोच्या आसपास. आपला दोन किलोचा, चाळीस सेंटिमीटरचा रोबो तिप्पट मोठा केला तर सत्तावीसपटीने चोपन्न किलो होतो. बघा, हिशेब किती जवळ येतो. ताकद मात्र एक्याऐंशीपट लागते. छंदाचे सर्व्हो तिथवर पोचत नाहीत.

पस्तीस ते पन्नास सेंटिमीटर, दीड ते तीन किलो, ही घरच्या टेबलाची मर्यादा. ह्या मापाचा रोबो पडला तर आपलं बोट चेमटेल, पाय मोडणार नाही.

पाचवी पायरी: मेंदू आणि वीज

ह्यावर फार वेळ घालवत नाही, कारण मेंदू बदलता येतो. दोनच गोष्टी बघा. सर्व्होंशी बोलायची भाषा, म्हणजे प्रोटोकॉल, खुली छापलेली आहे का? आणि फोनच्या ॲपशिवाय रोबो चालतो का? ॲपशिवाय हलत नसेल तर कंपनी ज्या दिवशी ॲप बंद करेल त्या दिवशी तुमचा रोबो पेपरवेट. 'आरओएस चालतं' असं लिहिलं असेल (आरओएस म्हणजे रोबोंसाठीची तयार सॉफ्टवेअर-चौकट), तर कुठलं ते विचारा. आरओएस १ची शेवटची आवृत्ती नोएटिक मे २०२५ मध्ये संपली, आज नव्याने शिकणाऱ्याने आरओएस २च धरावं. धडात आयएमयू, म्हणजे कल आणि हालचाल मोजणारा सेन्सर, हवाच, तोल त्याच्याशिवाय कळत नाही. नसला तर एमपीयू६०५० काही शे रुपयांत मिळतो.

विजेत एक चूक सगळे करतात, मीही केली. सर्व्हो आणि रास्पबेरी पाय एकाच रेग्युलेटरवर, म्हणजे व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या सर्किटवर, ठेवले. रोबो पडल्यावर उठायला लागतो तेव्हा आठ-दहा सर्व्हो एकदम जोर लावतात, व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि रास्पबेरी पाय रीस्टार्ट होतो. रोबो अर्धवट बसलेल्या अवस्थेत कापतोय आणि आपण कोडमध्ये चूक शोधतोय, असे दोन आठवडे गेले. रास्पबेरी पायला स्वतंत्र ५ व्होल्टचा, किमान ३ अँपिअरचा रेग्युलेटर द्या. रास्पबेरी पाय ५ असेल तर ५ अँपिअरचा.

सहावी पायरी: फुकटात चालवून बघा

पैसे भरण्याआधी महिनाभर सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकातल्या आभासी रोबोवर, काढा. वेबॉट्स २०१८च्या डिसेंबरपासून मुक्तस्रोत आणि मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि त्यात रोबोटिसचा ओपी२ हा ह्युमनॉइड तयार उभा आहे. त्याला चालवा, पाडा, वजन वाढवून बघा. महिनाभरात तुम्हाला कंटाळा आला तर लाखभर रुपये वाचले. आला नाही तर किट येईपर्यंत तुमचं चालीचं गणित अर्धं झालेलं असेल. सिम्युलेटरमधला सर्व्हो तापत नाही आणि त्याला प्ले येत नाही, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

सातवी पायरी: नावं घेऊन बोलू

कोंडोचा केएचआर-३एचव्ही हा जपानी किट. ह्या घराण्यातला पहिला केएचआर-१ २००४ साली आला. जपानमधल्या रोबो-वन ह्या रोबोंच्या कुस्त्यांनी तिथे हा बाजार उभा केला होता. सतरा सांधे, पुढे बावीसपर्यंत वाढवता येतात, उंची चाळीस सेंटिमीटर, वजन दीड किलो. दणकट आहे, पडायलाच बनवलाय. अडचण ही की सॉफ्टवेअर विंडोजचं आणि बरीचशी माहिती जपानीत. पुण्यात जपानी शिकणारे कमी नाहीत, घरात कुणी असेल तर हा अडथळा उरत नाही.

हायवंडरचे टोनीपाय आणि एनेक्स हे चिनी. पहिल्यात रास्पबेरी पाय आणि कॅमेरा, दुसऱ्यात चोवीस सांधे आणि आरओएस. चेंडू ओळखणं, रेषेवरून चालणं हे पहिल्याच संध्याकाळी जमतं. पैशाच्या मानाने सर्वात जास्त इथे मिळतं असं माझं मत. फक्त सोबत आलेला कोड वाचायची तयारी ठेवा, कारण त्यातल्या टिपा बऱ्याचदा चिनीत असतात.

रोबोटिसचे डायनामिक्सेल सर्व्हो महाग, पण त्यांची कागदपत्रं इतकी नेटकी की मी नवख्यांना ती नुसती वाचायला सांगतो. एएक्स-१२ए ०.२९ अंशापर्यंत जागा ओळखतो, एमएक्स-२८ ०.०८८ पर्यंत. डार्विन-ओपीची सगळी ड्रॉइंग खुली आहेत. अख्खा रोबो परवडत नसेल तर सर्व्हो सुटे घेऊन ब्रॅकेट स्वतः करण्याचा मार्ग उरतो.

आता घडवणाऱ्यांसाठी. फ्रान्समधला पॉपी खुला आहे: पंचवीस मोटरी, साधारण ८३ सेंटिमीटर, साडेतीन किलो, अंग थ्रीडी प्रिंटचं. एवढ्या उंचीला वजन बघा किती कमी आहे. मघाचा सोळापटीचा हिशेब तिथे असा चुकवलाय. तरी तो आणल्यावर खोलीत फिरायला लागेल अशी आशा धरू नका. एका फ्रेंच शिल्पकाराने २०१२ मध्ये सुरू केलेला इनमूव्ह माणसाएवढा आणि देखणा आहे, पण तो चालत नाही. हे माहीत नसताना वर्षभर पाय छापायची वाट बघणारे मी पाहिलेत. आणि २०२५चा बर्कली ह्युमनॉइड लाइट पाच हजार डॉलरच्या आत बांधता येतो, त्याचे गिअरबॉक्ससुद्धा प्रिंट केलेले. पण तो तिसरा रोबो म्हणून ठेवा.

आठवी पायरी: मागवणं, आणि पुण्यात काय मिळतं

परदेशातून मागवताना ड्युटी, आयजीएसटी आणि कुरिअरची फी धरून दर्शनी किमतीच्या वर एक तृतीयांश बाजूला ठेवतो मी. उरले तर सर्व्हो घ्यायला होतात. लिथियम बॅटरी विमानाने पाठवायची म्हणजे धोकादायक मालाचे नियम लागतात, म्हणून बरेच विक्रेते किट बॅटरीशिवाय पाठवतात. बॅटरी आणि चार्जर इथेच घ्या. खोक्यावर काय लिहिणार हेही आधी विचारा. भारतात २०२१च्या जानेवारीपासून मुलांच्या खेळण्यांना बीआयएसची खूण सक्तीची आहे, आणि शैक्षणिक किटवर 'टॉय' असं सरधोपट लिहिलं गेलं तर कस्टम्समध्ये फेऱ्या सुरू होतात. माझा एक किट असाच पाच आठवडे अडकला. विक्रेत्याने एका ओळीच्या वर्णनात हात राखला आणि कागदपत्रं गोळा करत मी बसलो.

किटबरोबरच सुटे सर्व्हो मागवा. निदान तीन: दोन गुडघ्याचे, एक घोट्याचा. गिअरचे संच मिळत असतील तर तेही. नंतर एकच सर्व्हो मागवला तर कुरिअर सर्व्होपेक्षा महाग पडतं.

बाकीच्या गोष्टीत पुणेकर नशीबवान. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत वायर, कनेक्टर, फ्यूज, मल्टिमीटर, सोल्डरचं सामान मिळतं. जाताना जुना कनेक्टर खिशात न्या. "दोन मिलिमीटरवाला, तीन पिनचा" असं सांगितलं तर चार प्रकार समोर येतात. एम३चे (तीन मिलिमीटरचे) स्क्रू रविवार पेठेत बोहरी आळीत शेकड्याने घ्या. एम२ साठी मला जास्त फिरावं लागलं, ते किटबरोबरच जादा मागवलेले बरे.

ब्रॅकेट वाकला किंवा नवा करायचा असेल तर भोसरी एमआयडीसी. पत्रा कापणारा फायबर लेझर कुणाकडे आहे ते विचारा, डीएक्सएफ फाइल (कापायच्या आकाराचं ड्रॉइंग) द्या आणि पत्र्याची जाडी सांगा. ॲल्युमिनियमचा पत्रा ५०५२ ग्रेडचा मागा. ६०६१ जास्त कडक म्हणून घ्याल तर वाकवताना कोपऱ्यावर तडकतो. दोन नगांसाठी मोठे वर्कशॉप दारात उभं करत नाहीत, म्हणून तिघाचौघांचं काम एकत्र करून न्या. आम्ही पाच जणांनी मिळून एकदा पत्रा कापून घेतला, तेव्हा तिथल्या फिटरकाकांनी स्वतःहून विचारलं, "हे घोट्याचं आहे ना? मग भोक थोडं ओव्हल ठेवा, जुळवायला बरं." कुठल्याही मॅन्युअलमध्ये हे नव्हतं.

प्रिंट करणार असाल तर सर्व्होला चिकटून बसणारे भाग पीएलए ह्या नेहमीच्या प्रिंटिंग प्लास्टिकमध्ये छापू नका. पीएलए साठ अंशांना मऊ पडतं आणि मेहनत करणारा सर्व्हो तिथवर सहज जातो. एएक्स-१२ए तर सत्तर अंशांना जाऊन मग स्वतःला बंद करतो. पीईटीजी घ्या. आणि मे महिन्यात रोबो बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका, मग प्रिंट कशातही असो.

यंत्रं हाताळायचं शिकायचं असेल तर पाबळचं विज्ञान आश्रम आठवा. डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या त्या संस्थेत २००२ पासून फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची खुली कार्यशाळा, आहे, जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक. आणि तुमच्या ओळखीत रोबोकॉन ही कॉलेजांची रोबोस्पर्धा खेळलेलं कुणी नक्की असेल. २००८ मध्ये एबीयू रोबोकॉन पुण्यात झाली तेव्हा तिचा विषयच 'गोविंदा' होता, रोबोंनी लोणी पळवायचं. मोटर, वायरिंग, मशिनिंग ह्याबाबत त्या मंडळींचा हात धरणारं कुणी नाही. तोल सांभाळण्याबद्दल मात्र त्यांचंही ऐकताना जरा सावध राहा, कारण चाकांवरचा रोबो थांबला तर उभाच राहतो.

नववी पायरी: खोकं आल्यावरचा पहिला आठवडा

लगेच जोडायला घेऊ नका. नवे बस सर्व्हो सगळे एकाच आयडीने येतात, बहुधा १. अठरा जण एकदम वायरीला लावले तर एका हाकेला अठरा ओ येतात आणि काहीच कळत नाही. एकेक लावा, नंबर द्या, पांढऱ्या टेपवर लिहून चिकटवा. काही कंपन्या नंबर टाकूनच पाठवतात, तरी तपासा.

नंबर देतानाच सर्व्हो मधोमध आणा. एएक्स-१२एचं मधलं ठिकाण ५१२, एलएक्स-१६एचं ५००. मग हॉर्न बसवा. हे न करता जोडलेला गुडघा एका बाजूला पूर्ण वाकतो आणि दुसऱ्या बाजूला अर्ध्यातच आपटतो, आणि ते तेव्हा कळतं जेव्हा सगळा पाय जोडून झालेला असतो. धातूत जाणाऱ्या स्क्रूला निळं लॉकटाइट लावा, थेंबभर. प्लास्टिकला लावू नका, ते चिरतं.

बॅटरी लायपो (लिथियम पॉलिमर) असेल तर चार्जिंग १सीने, म्हणजे २२०० एमएएचला २.२ अँपिअरने, डोळ्यासमोर. सेलमागे ३.३ व्होल्टखाली उतरू देऊ नका. आठवडाभर वापरायची नसेल तर ३.८ व्होल्टवर ठेवा, पूर्ण भरून नाही.

चालवायला घराची फरशी कामाची नाही, हे ऐकून घरातल्या सगळ्यांना आश्चर्य वाटतं. शहाबादीचे सांधे लहान तळव्याला ठेचेसारखे लागतात, व्हिट्रिफाइडवर तो घसरतो, सतरंजीत पाय अडकतो. चार फूट बाय चार फूट प्लायवूड घ्या, खाली कागदाच्या घड्या सारून लेव्हल करा. ह्या फळीवर चाल जमली की मग फरशी, तीही आधी मोझॅक.

आणि पहिल्या पावलाला रोबो मोकळा सोडू नका. झोपाळ्याची कडी असेल तर उत्तम, नसेल तर दाराच्या चौकटीत आडवा दांडा. तिथून दोरी सोडून रोबोच्या खांद्यांना बांधा, इतकी सैल की उभा असताना ओढ लागू नये आणि पडताना गुडघे फळीला टेकायच्या आत अडावी. प्रत्येक फेरीनंतर सर्व्होंचं तापमान वाचून वहीत लिहा. डावा आणि उजवा गुडघा सात-आठ अंशांनी वेगळे दिसले तर चालीत दोष नसतो, जोडणीत असतो. कुठेतरी हॉर्न एक दात पुढे बसलाय.

दोरीला एकदाही ताण न येता वीस पावलं, अशी सलग तीन वेळा झाली की दोरी सोडा. त्या दिवशी फळीच्या चारी बाजूंनी गोधड्या अंथरून ठेवा.